एका गाडीची जागा

वहिनीला ट्रॅकवर सगळे ‘भिंत’ म्हणत, आणि तिला ते आवडायचं. गाडी अकरा वर्षांची, इंजिन दोनदा उघडलेलं. सरळ पट्ट्यावर कोणीही येऊन तिला गाठावं. पण पुढे जायचं म्हटलं की घोडं अडायचं. मागच्याला जिथून घुसायचं असेल, तिथे ही आधीच जाऊन बसलेली असे.

तिची नणंद तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. घरीदारी तिचं नाव तुडतुडी. ही दोन मिनिटं एका जागी बसली तर आई कपाळाला हात लावून ताप बघायची. तिची गाडी नवी होती आणि पाय सदा ॲक्सिलरेटरवर. दोघींच्या गाड्या एकाच पत्र्याच्या शेडमध्ये तयार व्हायच्या. तयार करणाराही एकच, एकीचा नवरा आणि दुसरीचा दादा. शर्यतीच्या दिवशी तो कोणाचीच बाजू घेत नसे, नुसता पाने-पकडी पुसत बसे.

त्या रविवारी निवडीची शर्यत होती. पहिल्या तिघांना वर्षअखेरच्या मोठ्या शर्यतीत जागा मिळणार होती. पुढचे दोघे केव्हाच लांब गेले होते. शेवटचे सहा लॅप उरले तेव्हा वहिनी तिसरी होती आणि तिच्या मागे, अगदी बंपरला नाक लावून, तुडतुडी.

वहिनीचे टायर संपत आले होते. मागची गाडी आपल्यापेक्षा वेगवान आहे हे तिला कळत होतं, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. नियम साधा होता. पुढच्या गाडीने जागा अडवायला एकदाच बाजू बदलायची, परत बाहेर सरकताना कडेला एका गाडीची जागा सोडायची, आणि मागच्याने ब्रेक दाबल्यावर अजिबात हलायचं नाही. एवढं सांभाळलं की बाकी सगळं डोक्याचं काम, आणि डोकं तिच्याकडे होतं.

सहा लॅप तिने तुडतुडीला झुलवलं. शेवटच्या लॅपच्या शेवटच्या उजव्या वळणाआधी ती आतल्या बाजूला गेली. तुडतुडीने बाहेरून गाडी घातली. वहिनी थोडी बाहेर सरकली, तिचं डावं मागचं चाक क्षणभर लॉक झालं, धूर निघाला. तुडतुडीने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. वहिनी तिसरी, तुडतुडी चौथी.

गाडीतून उतरली ती तुडतुडी हेल्मेट काखेत मारून थेट पंचांच्या खोलीत. स्वतःच्या सख्ख्या वहिनीविरुद्ध तिने लेखी तक्रार दिली.

“अगं, घरी बोलू की,” दादा म्हणाला.

“घरी तू तिचा नवरा असतोस,” तुडतुडी म्हणाली.

पंचबाईंनी तरुणपणी तेवीस वर्षं गाडी पळवली होती. खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीवर पडदा. त्यांनी चष्मा डोक्यावरून नाकावर ओढला आणि तुडतुडीला म्हणाल्या, “सांग.”

“मॅडम, माझी गाडी वेगवान आहे हे सगळ्यांनी बघितलं. सहा लॅप हिने मला पुढे जाऊ दिलं नाही.”

“जाऊ द्यायचं तिचं काम नाही. पुढे जायचं काम तुझं. पुढे बोल.”

तुडतुडी जरा वरमली. “शेवटच्या वळणावर हिने मला ट्रॅकबाहेरच्या खडीत ढकललं. कडेला जागाच ठेवली नाही.”

“ठेवली होती,” वहिनी शांतपणे म्हणाली. “एका गाडीची. चाकाचा ओरखडा असेल अजून. चला, दाखवते.”

ट्रॅक रिकामा झाला होता. चौघं चालत शेवटच्या वळणावर गेली. ओरखडा होता, काळा, ताजा, सात-आठ पावलं लांब. पंचबाई त्याच्यापाशी उकिडव्या बसल्या. “चाकाबाहेर पत्रा चार बोटं येतो, तो धरायला हवा,” म्हणत त्यांनी खडूने ओरखड्याच्या बाहेरून दुसरी रेघ मारली. मग तुडतुडीकडे वळल्या. “आण तुझी गाडी. ढकलत आण.”

दादा आणि तुडतुडीने गाडी ढकलत आणली. वहिनी आपण होऊन स्टिअरिंगला बसली. गाडी खडूची रेघ आणि कडेचा पांढरा पट्टा यांच्यामधून सावकाश पुढे सरकली. एका बाजूला चार बोटं उरली, दुसऱ्या बाजूला वीतभर.

तुडतुडी हात कमरेवर ठेवून बघत राहिली. वाकून तिने दोन्ही बाजू पुन्हा तपासल्या. “मावते,” ती म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून कसाबसा निघाला.

“तक्रार फेटाळली,” पंचबाई म्हणाल्या. वहिनीने हातमोजे खिशात कोंबले. झालं, असं तिला वाटलं.

“थांब. मी सहाही लॅप बघितलेत. आत चला.”

पडद्यावर शेवटून तिसरा लॅप लागला, तुडतुडीच्या गाडीतल्या कॅमेऱ्यातून. मागच्या सरळ पट्ट्याचं टोक. वहिनी आतल्या बाजूला. तुडतुडीची गाडी ब्रेकने नाकावर झुकली, आणि त्यानंतर वहिनीची गाडी हातभर बाहेर सरकली. कॅमेऱ्याला एकदम डावीकडे हिसका बसला.

“आधी हिने ब्रेक दाबला, मग तू हललीस,” पंचबाई वहिनीला म्हणाल्या. “ब्रेकवर असलेली गाडी वळत नाही. ही चपळ म्हणून वाचली. नाहीतर दोघी खडीत असता.”

“पण मॅडम, हातभरच...” दादाने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“तू गप्प,” वहिनी म्हणाली. “परत लावा.”

पुन्हा बघितल्यावर तिचे कान गरम झाले. सहा लॅपमध्ये आपलं एकही पाऊल चुकलं नाही, असं ती मनात धरून आली होती.

“चुकलं,” ती म्हणाली. “आरशात उशिरा बघितलं. हे अडवणं नाही, हे आडवं येणं झालं. काय असेल ते लावा.”

पंचबाईंनी तिच्या वेळेत पाच सेकंदांचा दंड लावला. वहिनी चौथी झाली, तुडतुडी तिसरी.

तुडतुडीचा चेहरा उतरला. “मला हे आठवतसुद्धा नव्हतं. ह्याची मी तक्रारच केली नव्हती. मला नको अशी जागा.”

“मग काय, मी पाया पडू?” वहिनी म्हणाली. “नियमाने मिळाली आहे, माझ्या उपकाराने नाही. मुकाट्याने सही कर.”

तुडतुडीने सही केली.

परतीच्या वाटेवर ती गाडीत मधल्या सीटवर बसली होती, आणि चक्क हलत नव्हती. म्हणाली, “वहिनी, एवढी जागा होती तर मला दिसली कशी नाही?”

“तू माझ्याकडे बघत होतीस. रागाने.”

“राग तर येणारच ना!”

“येऊ दे. तेवढं डोळे पट्ट्यावर ठेवून येऊ दे.”

दुसऱ्या दिवसापासून शेडमागच्या मोकळ्या जागेत दादाने प्लास्टिकचे खांब लावले, दोन खांबांमध्ये बरोबर एका गाडीची जागा. तुडतुडीने पहिल्या दिवशी नऊ खांब पाडले, आठवड्याने एकही नाही. मग वहिनी म्हणाली, आता दोघी आरशात मागे बघत गाडी घालू. तेव्हा पुन्हा चार पडले, त्यातले दोन वहिनीने पाडलेले. ते तिने स्वतः उचलून लावले आणि त्यावर कोणाला बोलू दिलं नाही.

निवडीची आणखी एक शर्यत महिन्याभराने होती. वहिनी त्यात दुसरी आली. बारा लॅप तिने एका तगड्या गड्याला मागे ठेवलं, आणि या वेळी तो ब्रेकवर असताना ती एकदाही हलली नाही. शर्यत संपल्यावर तो तणतणत पंचांच्या खोलीत गेला आणि पाच मिनिटांत गुपचूप बाहेर आला.

मोठ्या शर्यतीला आता घरातून दोन गाड्या जायच्या होत्या, एकाच दिवशी, एकाच सुरुवातीच्या रेषेवर. दोन्ही इंजिनं उघडी टाकून दादा शेडमध्ये बसला होता. आधी कोणाचं बसवणार म्हणून दोघींनी एकदमच विचारलं, तेव्हा तो गाडीखाली शिरला आणि जेवायला हाक मारेपर्यंत बाहेर आला नाही.