दोन फळ्यांची खिंड

वडनेर भोलजीचं घर विकायचं ठरलं तेव्हा हिंमतरावांना पहिली आठवण झाली ती कुंपणाची. आईची नाही, बापाची नाही, कुंपणाची! नांदुऱ्याच्या कचेरीत बारा वर्षं कारकुनी केलेला माणूस. नवं राज्य झालं, बुलढाण्याला कचेऱ्या वाढल्या, त्यांची बदली तिकडे झाली आणि तिथे स्वतःचं घर बांधायचं त्यांच्या मनाने घेतलं. त्यासाठी गावचं घर काढणं भाग होतं.

घर घेणारे भगवंतराव सरकीचे व्यापारी. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "मांगच्या अंगनात विहीर हाये म्हून मी घर घेऊन राह्यलो. पन तिच्यावर दुसऱ्या कोनाची वहिवाट असंन तं आपला रामराम."

"कोनाचीच नाई," हिंमतराव म्हणाले. म्हणताना जीभ अडखळलीसुद्धा नाही.

वहिवाट होती. चांगली छत्तीस वर्षांची, म्हणजे हिंमतरावांच्या वयाइतकी जुनी. विहिरीच्या अंगाला, शेजारच्या गोजरबाईच्या घराकडे, सागाच्या फळ्यांच्या त्या कुंपणात दोन फळ्यांची खिंड होती. हिंमतराव जन्मले आणि त्यांची आई तापाने फणफणली, अंगावरचं दूध आटलं. गोजरबाईचं तान्हं पोर त्याच आठवड्यात गेलं होतं. ती गल्लीला वळसा घालून दिवसातून सहा-सहा वेळा या पोराला पाजायला यायची. ते पाहून हिंमतरावांच्या वडिलांनी, महादेवरावांनी, आपल्या हाताने दोन फळ्या उचकटल्या आणि तिला म्हणाले, "आता सरळ येत जाय." पुढे पोराने दूध सोडलं, पण खिंड राहिली. त्या वाटेने गोजरबाई विहिरीवर पाणी भरत राहिली, नवरा गेला तरी, पाठीला बाक आला तरी. महादेवराव होते तोवर तिला अडवायची कुणाची टाप नव्हती. आता ते नव्हते, आणि जो तिचं दूध प्यायला तोच कुंपण दुरुस्त करायला निघाला होता.

रविवारी हिंमतराव बसने आले, कडूबा सुताराला बोलावलं आणि कामाला लागले. सुटलेले खिळे ठोकले, कुजलेला खांब बदलला. खिंडीत कडूबाने नवी फळी धरून पाहिली. बाकीचं कुंपण उन्हापावसाने राखाडी पडलेलं, आणि ही पिवळीधमक. म्हाताऱ्याच्या तोंडात सोन्याचा दात बसवावा तशी दिसायला लागली.

"काळं तेल फास तिच्यावर," हिंमतराव म्हणाले.

"फासतो. पन मालक, इथं खिंड होती हे आंधळाबी सांगन. त्या जुन्या फळ्या भेटल्या असत्या तं गोष्ट येगळी."

जुन्या फळ्या कुठे आहेत हे हिंमतरावांना पक्कं ठाऊक होतं. महादेवरावांनी त्या गोजरबाईलाच दिल्या होत्या, आणि दोन दगडांवर टाकून तिने त्यांची पाण्याच्या हंड्यांसाठी घडवंची केली होती. हिंमतरावांना शरम वाटली. वाटली हे खरं, खोटं कशाला बोला! पण शरम वाटणं वेगळं आणि मागे फिरणं वेगळं. ते खिंडीतून अंग चोरून पलीकडे गेले.

"माय, कुंपन दुरुस्त करून राह्यलो. घर विकाचं हाये."

"आयकलं मी."

"तुह्या घडवंचीच्या फळ्या पायजे होत्या."

"काऊन रे? बजारातलं लाकूड सरलं काय?"

मग हिंमतरावांनी सगळं सांगितलं. व्यापाऱ्याची अट, बुलढाण्याची जागा, पोरांच्या शाळा. ती भांडेल, शिव्या देईल, पाजलेलं दूध बोलून दाखवेल, असं त्यांनी धरलं होतं आणि त्याला उत्तरंही जुळवून आणली होती. गोजरबाई भांडली नाही. तिने एकेक हंडा खाली उतरवला, फळ्या पदराने पुसल्या आणि म्हणाली, "घेऊन जाय. तुह्या बापाच्याच हायेत."

हिंमतरावांना सुटल्यासारखं झालं. आपण किती हलकट आहोत हे त्यांना त्याच क्षणी कळलं आणि तरी त्यांनी फळ्या उचलल्या. कडूबाने त्या बसवल्या तर जुनी भोकं जुन्या भोकांवर आली. खिंड कधी नव्हतीच, असं दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भगवंतराव आले. विहिरीत डोकावले, फळ्या हलवून पाहिल्या. पलीकडे अंगणात गोजरबाई तूर पाखडत बसली होती. तिला पाहून व्यापाऱ्याने छातीभर उंचीच्या कुंपणावरून विचारलं, "बाई, या विहिरीवर तुमचं जानं-येनं हाये काय?"

तिने नुसतं 'हाव' म्हटलं की सौदा मोडणार होता. गोजरबाईने सूप खाली ठेवलं आणि व्यापाऱ्याला सोडून हिंमतरावांकडे पाहिलं, चांगलं सावकाश पाहिलं.

"नाई," ती म्हणाली. "तिकडं माह्यं कोनी नाई. मी कोनासाठी येऊ?"

"झालं तं मंग, सौदा पक्का!" भगवंतराव खूश झाले.

त्यांना निरोप देऊन हिंमतराव गोजरबाईच्या पाया पडायला निघाले. आता गल्लीला वळसा घालणं आलं. तीन घरं, उकिरडा, पुन्हा चार घरं. वळसा एवढा लांब असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते पोचले तेव्हा गोजरबाई कमरेवर रिकामा हंडा घेऊन उंबऱ्याबाहेर पडत होती. गावविहीर पार वेशीजवळ. हिंमतराव पाया पडले. तिने पडू दिलं.

"माय, आन तो हंडा," ते म्हणाले. "मी भरून आनतो."

"आज तू आनशीन," गोजरबाई म्हणाली. "उद्या?"

गल्ली अरुंद होती. तिला जायला जागा व्हावी म्हणून हिंमतराव भिंतीला चिकटून उभे राहिले.