रेवजीच्या खांबावरचा शिक्का

मी शिक्क्याचा हातोडा बोलतोय. बोलणं जड वाटलं तर वाटू द्या, मला गोड बोलता येत नाही. माझ्या तोंडावर सरकारी अक्षरं कोरली आहेत. सातपुड्यातला साग खाली यायचा, तो खापर गावाजवळच्या आमच्या जंगल नाक्यावर थांबायचा. माझा शिक्का बसला की लाकूड सरकारचं. शिक्का नाही, तर चोरीचं.

एकोणीसशे चोवीसच्या सुमारास मी जालमसिंग नाकेदाराच्या ताब्यात होतो. मला कुणाच्या हाती द्यायचं नाही, असा कडक हुकूम. या पठ्ठ्याने सरकारी अठरा खांब स्वतःच्या नव्या घराला लावले आणि रंधा मारून माझी अक्षरं पुसली! कुंपणानेच शेत खाल्लं. खांब कमी भरले म्हणून चौकशी आली तेव्हा नाव सांगितलं लाकूडतोड्या रेवजीचं. बिचारा धुळ्याच्या तुरुंगात तापाने मेला. मी खुंटीवर नुसता जळत होतो.

रेवजीच्या पाड्यावर वारलेल्या माणसाच्या नावाने लाकडी खांब उभारायची रीत. रेवजीच्या बायकोने, रूपलीबाईने, त्यासाठी सागाचा एक तुकडा आणला. शिक्का नाही म्हणून नाकेदाराने तोही हिसकावून स्वतःच्या अंगणात टाकला. "चोराला कसला आलाय खांब?" म्हणाला मेला.

ती त्याच्याच घरी सारवायला जायची. एके दुपारी जंगल खात्याचे मोठे साहेब येणार म्हणून जालमसिंग सामोरा धावला आणि मला घरातल्या खुंटीवरच विसरला. रूपलीबाईने शेणाचे हात पुसले, मला उचललं. पहिला घाव बसला आणि काय सांगू, पोटभर जेवल्यासारखं झालं! अठरा खांब, अठरा शिक्के.

साहेब ओसरीवर चहाला बसले. नजर खांबावरच्या शिक्क्यावर गेली, तसा कप खाली ठेवला.

"जालमसिंग, हातोडा कुणाकडे असतो?"

दुसऱ्याच्या हाती गेला म्हणावं, तर नोकरी जाणार. "माझ्याकडेच, साहेब. कुणाला हात लावू देत नाही."

"मग हे खांब सरकारचे. तुझ्या घरात कसे?"

नोकरी गेली, वर तुरुंगही, तोच धुळ्याचा. त्याला नेताना रूपलीबाई आडवी आली. "बोल आते, चोर कोन शे?" चोर कोण ते आता तूच सांग, म्हणाली. बरी जिरली!

आता मी कचेरीच्या कपाटात गंजतोय. माझी कीव नको. माझा एकोणिसावा घाव कुणालाच ठाऊक नाही. तो अंगणातल्या त्या सागाच्या तुकड्यावर पडला होता. तोच तुकडा रेवजीचा खांब होऊन आज पाड्यावर उभा आहे. कुणी उपटायला आलाच, तर त्याने आधी माझी अक्षरं वाचावी.