पाटीआड आलेलं झाड

मंठ्याच्या अलीकडच्या फाट्यावर सावली अशी नव्हतीच. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या तातेरावांनी दुकानदारांना गोळा केलं आणि रस्त्याच्या कडेनं कडुलिंब लावले. खत-बियाण्यांचे दुकानदार अप्पाराव यांनी लोखंडी जाळ्या दिल्या, त्यांच्यावर आपलं नाव रंगवून घेतलं. पाण्याचं मात्र तातेरावांवर पडलं. सायकलला कॅन अडकवून त्यांनी उन्हाळ्यामागून उन्हाळे काढले. झाडं दुकानांच्या वर गेली. तोवर त्यांची मुलगी मोनाली बी.कॉम. होऊन अप्पारावांच्याच दुकानात बिलं करायला लागली होती.

गेल्या दिवाळीला अप्पारावांनी लायटीची नवी पाटी लावली. समोरच्या कडुलिंबानं ती निम्मी झाकली. तातेरावांनी स्वतः चढून फांद्या छाटल्या, पण त्या पुन्हा फुटल्या. चैत्रात बाकीचे लिंब मोहरले, हा एकटा उघडाच राहिला. तातेरावांनी नखानं साल खरवडली. आत ओल नव्हती. बुंध्याची माती उकरली तर ड्रिलनं पाडलेली भोकं दिसली, वरून चिखलानं बुजवलेली.

घरी जेवताना त्यांनी हे सांगितलं. मोनालीचा हात ताटातच थांबला.

"बाबा, तणनाशकाचा डबा मीच काढून दिल्ता. मालक म्हणले, गोदामामागं गवत माजलंय. दुसऱ्या दिवशी हमाल ड्रिल घेऊन झाडापाशी बसलेला दिसला. मंग समजलं. पण मी गप बसले."

"ग्रामपंचायतीत सांगशील?"

"तिची नोकरी जाईल," कांताबाई नवऱ्यावर उसळल्या. "झाड गेलं ते गेलं. आता पोरीलाबी उभं जाळता का?"

तातेरावांनी नको म्हणावं म्हणून मोनाली वाट बघत होती. ते म्हणाले नाहीत.

"सांगते," ती म्हणाली.

ग्रामपंचायतीच्या बैठकीत तिनं पाहिलं तेवढंच सांगितलं. अप्पारावांनी नाकारलंही नाही.

"पाटी दिसंना, गिऱ्हाईक पुढं निघून जाऊन राह्यलं. मी काय करू? अन् जाळ्या माझ्याच होत्या की!"

तातेरावांनी बाकीच्या दुकानदारांकडं पाहिलं. बद्रीनाथच्या हॉटेलाची बाकडी दिवसभर लिंबाखालीच असत. तो तरी बोलेल असं त्यांना वाटलं.

बद्रीनाथनं घसा साफ केला. "तातेराव, झाड सगळ्यांनाच पाहिजे. पण उद्या माझ्याबी पाटीपुढं आलं तर? एवढं ताणू नका."

माना हलल्या. वाळलेलं झाड काढून टाकायचं आणि अप्पारावांनी गायरानात नवी रोपं लावायची, असं ठरलं. संध्याकाळी दुकानातून मोनालीला फोन आला: उद्यापासून येऊ नको.

पर्यावरण दिनाला गायरानात मांडव पडला. अप्पारावांना शाल-नारळ मिळालं. फोटो झाल्यावर ते तातेरावांजवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाण्याचं तुम्हीच बघा. तुम्हाला आवड हाये." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तातेरावांना जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात मोनाली जालन्याला नोकरीसाठी निघाली. तिला स्कूटीवरून बसपर्यंत सोडताना तातेराव वाटेत गायरानात थांबले. रोपांनी माना टाकल्या होत्या. एक उपटून पाहिलं तर मुळांभोवती नर्सरीची काळी पिशवी तशीच होती. दुसऱ्यालाही होती.

तातेराव खाली बसले आणि बोटांनी प्लास्टिक फाडायला लागले.

"बाबा, बस जाईल माझी."

"एवढं एक करतो, मोना."

"तुमचं हे एक कधी संपतच न्हाई," ती म्हणाली. पर्स खांद्याला लावून ती पायीच फाट्याकडं निघाली. तातेरावांनी हाक मारली, पण तिनं मागं वळून पाहिलं नाही. फाटलेली पिशवी हातात घेऊन ते तसेच मातीत बसून राहिले.