एक जूनची माणसं

मी अमरावतीला विद्यापीठात बावीस वर्षांपासून सार्वजनिक धोरण शिकवतो. या बावीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने कुठलंही धोरण ठरवलेलं नाही. बरेचसे तलाठी झाले, दोघं पोलिसात गेले, आणि एकाने वरूडला संत्र्याच्या पॅकिंगचा धंदा टाकला. तो सगळ्यांत सुखी आहे. मला याचं काही वाटत नाही असं मी सांगतो, पण ते खोटं आहे.

आमच्या विभागात तीन प्राध्यापक, एक लिपिक आणि एक शिपाई. या पाचांपैकी चौघांचा वाढदिवस एक जूनला येतो. आम्ही केक एकच आणतो. बाहेरून आलेल्यांना हा योगायोग वाटतो, पण आमच्या वेळी खेड्यातल्या शाळेत पोरगं घालायला आई-बाप यायचे, त्यांना जन्मतारीख सांगता यायची नाही, शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. सरकारी कागदांवर भरवसा ठेवला तर आमच्या भागात बाळंतपणाची सोय वर्षातून एकच दिवस करावी लागेल.

मोतीराम आमचा शिपाई. चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यातला, तिथल्या बौद्ध वस्तीतला. कागदावर जन्म एक जून एकोणीसशे पासष्ट, म्हणून निवृत्ती एकतीस मे दोन हजार पंचवीस. हे त्याला मान्य नव्हतं.

"सर, मी येवढ्या वयाचा नाहीच," तो दोन वर्षांपासून मला सांगत होता. "वर्गात सगळ्यात बुटका मीच होतो. म्हणजे सगळ्यात लहान मीच ना?"

मला हे पटलं. धोरणाच्या प्राध्यापकाला हे पटायला नको होतं, पण पटलं. मी त्याला जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज लिहून दिला, तोही अशा मराठीत की वाचणाऱ्याने उभं राहावं. उत्तर आठ दिवसांत आलं. दुरुस्ती नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत मागायची असते आणि अर्जदार पंचवीस वर्षं उशिरा आला आहे, असं त्यात होतं.

मोतीरामची मुलगी पायल त्याच वर्षी आमच्याकडे एम. ए.ला आली. बापाने चहा द्यायचा आणि मुलीने तिसऱ्या बाकावर बसून नोट्स काढायच्या, याची दोघांनाही कधी अडचण वाटली नाही. अडचण मला वाटायची. मी वर्गात चहा बंद केला, तेव्हा दोघांनीही मला काहून म्हणून विचारलं.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली. इतरांनी नेहमीप्रमाणे पाणीपुरवठा, रोजगार हमी असले विषय घेतले. पायलने जन्मनोंदींचा घेतला. तिच्या बापाच्या गावातल्या शाळेचं जुनं रजिस्टर घ्यायचं आणि तहसिलात जपून ठेवलेलं कोतवाल बुक त्याच्यासमोर ठेवायचं, असा बेत होता. गावचा कोतवाल कोणाकडे काय जन्मलं ते त्या बुकात त्याच महिन्यात लिहायचा. दोन्हींतली तफावत काढायची. संशोधनाचा उद्देश तिने अकरा ओळींत लिहिला होता. खरा उद्देश एका ओळीचा होता: बाबा लहान आहेत हे सिद्ध करायचं.

तीन महिने ती बसने चांदूर बाजारला जात-येत राहिली. मार्चमध्ये एका दुपारी माझ्या खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि तक्ता माझ्यापुढे ठेवला. ऐंशी नावं. शेतकऱ्यांच्या घरची एकोणचाळीस पोरं. त्यांची वयं दोन्हीकडे जवळपास जुळत होती. वस्तीतली आणि मजुरांची एक्केचाळीस पोरं. ती सगळीच्या सगळी शाळेच्या नोंदीपेक्षा मोठी होती. कोणी वर्षाने, कोणी दीड वर्षाने.

"अन् हे सतरा नंबर, सर," ती म्हणाली.

सतरा नंबरचा जन्म कोतवाल बुकात तीन फेब्रुवारी एकोणीसशे त्रेसष्टचा होता. म्हणजे मोतीराम लहान नव्हता. सव्वादोन वर्षांनी मोठा होता. खरं तर तो दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीतच निवृत्त व्हायला हवा होता.

"बाबाले सांगितलं?" मी विचारलं.

"नाही. पेन्शनची फाईल वर गेली आहे त्याईची. आता कोणी हे वाचलं अन् शंका काढली, तर अडकन ना सर फाईल?"

कायद्याने अडकायला नको. पण फाईल कायद्याने अडकत नाही, ती माणसाने अडकते, हे मी पहिल्याच सत्रात शिकवतो. मी म्हटलं, सतरा नंबर काढून टाक. संशोधनात याला डेटा स्वच्छ करणं म्हणतात.

तिने तक्ता आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "हा काढला तर बाकीचे चाळीस कोणत्या तोंडानं ठेवू सर? ते बी कोणाचे तरी बाबा आहेत."

मला राग आला. तिचा नाही, स्वतःचाच. राग आला की मी नियम सांगतो, म्हणून तिला सांगितलं की नावं कुठेही यायला नकोत, फक्त क्रमांक टाकायचे. सतरा नंबर राहिला. आता हे मोतीरामच्या कानावर जायला नको आणि प्रबंध पास व्हायला हवा, एवढंच आमच्या हातात उरलं.

तोंडी परीक्षा एप्रिलमध्ये व्हायची होती. ती एकोणतीस मेला झाली. अमरावतीत पारा चव्वेचाळीसवर होता आणि खोलीतला कूलर गरम हवा फेकत होता. बाहेरचे परीक्षक म्हणून अकोल्याहून केशवराव सर आले होते. माणूस सज्जन, पण आकडेमोडीत कोणाचा मुलाहिजा न ठेवणारा. मोतीरामची नोकरी दोन दिवसांची उरली होती. मी त्याला सुटी घे म्हटलं, तर म्हणाला, "पोरीच्या परीक्षेत घरी बसू का?" मुलीच्या तोंडी परीक्षेला बापाने चहा द्यावा की देऊ नये याबद्दल विद्यापीठाचं काहीही धोरण नाही. मी शोधून पाहिलं होतं.

केशवराव सरांनी चौथं प्रकरण उघडलं आणि चष्मा वर केला.

"गुरुजी अंदाजाने वय लिहीत होते, हे समजलं. पण अंदाज चुकतो तेव्हा कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. तुमचे गुरुजी वस्तीतल्या पोरांच्या बाबतीत एक्केचाळीस वेळा एकाच बाजूने चुकले. कारण काय?"

"कारण अज्ञात आहे, सर," पायल म्हणाली. "पुढील संशोधनाची गरज आहे."

"मुद्दाम कमी लिहिलं असेल? पुढे नोकरीत फायदा व्हावा म्हणून?"

"तसा पुरावा नाही, सर."

"मग कारण शोधा आणि पुढच्या सत्रात पुन्हा सादर करा. नुसत्या तक्त्यावर मी सही करणार नाही."

पायलने मान खाली घातली. मी तिच्या बाजूने काहीतरी बोलायला हवं होतं, पण माझ्याकडेही कारण नव्हतं. मोतीराम ट्रे घेऊन दाराशी उभा होता. तो केव्हा आत आला ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"सर, मी बोलू का?"

केशवराव सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायलकडे पाहिलं. ती नको म्हणून मान हलवत होती. मोतीरामने तोवर ट्रे टेबलावर ठेवला होता.

"गुर्जी अंदाज नाही करत सर. हात पाहे." त्याने उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेला. "असा हात नेऊन डावा कान धरा लागे. धरला का सहा वर्षं पुरे, नाव दाखल, एक जून. नाही धरला तर पुढच्या जूनात ये. मले माय तीन साल घेऊन गेली. पयल्या साली हात टाळूलोक आला, दुसऱ्या साली बोटभर कमी पडला, तिसऱ्या साली लागला. आमच्या वस्तीत सगळ्याईचं असंच होये. शेतीवाल्याईच्या पोराईचा पयल्याच झटक्यात पोचे. त्याईचे हात लांब."

"त्यांचेच हात लांब कसे?"

"खायाले होतं ना सर घरी."

मी वरूडकडचा, घरी शेती. त्या परीक्षेला मीही बसलो होतो, सहा पुरी व्हायला काही महिने बाकी असताना, आणि पहिल्याच जूनमध्ये पास झालो होतो. गुरुजींनी पाठ थोपटली होती, आणि ती शाबासकी माझ्या हुशारीची आहे असं मी आजवर धरून चाललो होतो. मला लाज वाटली. बावीस वर्षं मी ज्याच्या हातचा चहा प्यालो, त्याच्या हाताची गोष्ट मला त्याला विचारावीशी वाटली नव्हती.

केशवराव सर कागदावर भराभर लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांचं बोट तक्त्यावर खाली सरकलं आणि सगळ्यांत मोठ्या तफावतीवर थांबलं. "तीन साल," ते म्हणाले. "सतरा नंबर हाच का?"

"नावं गोपनीय आहेत," मी म्हणालो.

"सतरा नंबर काय आहे?" मोतीरामने विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. पायलने त्याला सांगितलं. तो उभ्या उभ्या बोटांवर मोजत राहिला, एका हाताची बोटं संपल्यावर दुसरा हात घेतला.

"म्हणजे मी लहान नाही."

"नाही, बाबा. मोठे आहा तुमी."

"अन् मी दोन सालापासून सरच्या मागं लागलो का मले लहान करा." तो हसला. आमच्यापैकी कोणाला हसू आलं नाही.

केशवराव सर म्हणाले, कारण सापडलं, साक्षही सापडली, प्रकरण उभं राहिलं. "तळटीप द्या. प्रत्यक्ष साक्ष, प्रतिसादक क्रमांक सतरा. मी आजच सही करतो."

"क्रमांक नको," मोतीराम म्हणाला. "नाव लिही."

"मोतीराम, फाईल वर आहे," मी म्हणालो. "दोन दिवसांनी निवृत्ती. क्रमांकच राहू दे."

"काहून राहू देऊ सर? तीन साल जूनच्या उन्हात माय मले घेऊन गेली. सतरा नंबरले नाही नेलं." मग पायलकडे वळून म्हणाला, "मोतीराम देवमन तायडे लिही. शिपाई बी लिही."

पायलने लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

"जन्मतारीख?" केशवराव सरांनी विचारलं.

मोतीरामने पायलकडे पाहिलं.

"तीन फेब्रुवारी, बाबा," पायल म्हणाली. "एकोणीसशे त्रेसष्ट."

त्याने ती तारीख ओठातल्या ओठात दोनदा म्हणून पाहिली. बासष्ट वर्षांच्या माणसाला त्याचा वाढदिवस पहिल्यांदाच कळत होता.

"थंडीतला आहो म्हणजे मी," तो म्हणाला, आणि कप गोळा करायला लागला.