बिरड्याचे दोन टोप

दशरथाने नवा स्टीलचा टोप शेगडीपाशी आणून ठेवला आणि बायकोला, नलिनीला, बजावलं, ह्याला हात लावायचा नाही. झालं, भांडुपच्या आमच्या टेकडीवर सकाळी सकाळी भांडण पेटलं. त्यांच्या भिंतीला भिंत लागून माझं घर, तेव्हा मुद्दाम कान द्यावा लागत नाही.

नलिनीने बाजारात मासळीची पाटी लावून ते घर चालवलं. पोरं त्यावरच मोठी झाली, दशरथही त्यावरच जेवला. आता त्याने गळ्यात माळ घातली. घालू दे, कोण नको म्हणतंय? पण बायकोला न विचारता भजनमंडळाला जेवायला बोलावलं, आणि तिने त्यांच्यासाठी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले कडवे वाल त्याने उचलून दाराबाहेर ठेवले. का, तर त्या हातांनी आदल्या दिवशी बांगडे कापले होते. मंडळासाठी वालाचं बिरडं आता तो स्वतः करणार होता.

"माका चूल शिवाक देणार नाय, तर मी ह्या घरात कोण?" नलिनीने विचारलं.

दशरथ टाळ पुसत बसला. तोच टाळ त्याच्या टाळक्यात हाणावा असं मला वाटलं.

ती वाल घेऊन माझ्या उंबऱ्यावर आली. कोमट पाण्यात टाकून आम्ही ते सोलायला बसलो. ती एकेक दाणा असा दाबत होती की साल टणकन उडत होतं. भिंतीपलीकडे दशरथाने सकाळी भिजत घातलेले वाल दुपारीच सालासकट शिजायला टाकले. ना मोड, ना सोलणं, वरचं पाणीसुद्धा फेकलं नाही. कडू होईल असं त्याला सांगावं म्हणून मी उठले, तर नलिनीने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "शिजव दे."

मग तिने आपला चेपलेला टोप माझ्या शेगडीवर चढवला. हिंगाची फोडणी, मिरची, आमसूल, गूळ, वर नारळाचं दूध. तांदळाच्या पिठाची उकड मळून तिचे बारके गोळे केले, अंगठ्याने दाबून ती फळं उकळत्या रश्शात सोडली. कांदा नाही, लसणाची पाकळी नाही. एवढ्या संतापातही तिने माळकऱ्यांचं पथ्य पाळलं, त्यामुळे मला दशरथाचा आणखीच राग आला.

संध्याकाळी भजन आटोपलं, पंगत बसली; आम्ही दोघी त्यांच्या दारात उभ्या. मंडळाच्या धोंडिरामबुवांनी पहिला घास घेतला आणि त्यांचं तोंड चालायचं थांबलं. पण वाढलेलं ताटात टाकायचं नाही हा मंडळाचा नेम. बुवांनी डोळे मिटून, पाण्याच्या घोटाबरोबर ते संपवलं. बाकीच्यांनीही तसंच केलं.

तेवढ्यात नलिनीने माझ्या शेगडीवरचा आपला टोप उचलून आत नेला आणि पंगतीत मधोमध ठेवला.

"बुवानू, कडू लागला मां? ह्या टोपात माझा बिरडा आसा. पण आधीच सांगतंय, काल ह्याच टोपात बांगडे शिजले. घासलंय, पण टोप तोच. नको तर नको म्हणा, माका राग नाय."

राग नाय म्हणे. पदर मात्र तिने कचकन कमरेला खोचला.

बुवा घटकाभर गळ्यातल्या माळेशी बोटं चाळवत बसले. मग त्यांनी रिकामं ताट पुढे केलं.

"वाढ गे. माझी आय पण मासळीच विकायची."

मग सगळ्यांची ताटं पुढे आली. शेवटी, कुणाकडे न बघता, दशरथानेही आपलं सरकवलं. नलिनीने त्याच्या ताटावर नेलेला डाव मागे घेतला.

"तुमका कित्याक? तुमचो चोखो टोप आसा मां भरलेलो."

तिने नव्या टोपात डाव घातला, काठोकाठ भरला आणि त्याच्या ताटात ओतला. मग स्वतःचं ताट घेऊन बुवांच्या शेजारी पंगतीत बसली. दशरथाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा बुवांकडे. बुवा फळं खाण्यात गुंग होते. ताटात टाकायची तर सोय नव्हती.