फक्कीतली खोली

"पाटीभर फक्की गेली, पण खोली काही उगवेना," गवंडी वाकल्या वाकल्या पुटपुटला. "पोरंसुद्धा खेळाच्या रेघा इतक्यांदा पुसत नाहीत."

तो स्वतःशीच बोलला होता, पण दोरीचं टोक धरून ती त्याच्या कानाशीच उकिडवी बसली होती. सगळी गल्ली तिला टेलरताई म्हणायची, आणि टेलरताईच्या जिभेला कात्रीपेक्षा जास्त धार आहे हेही सगळ्या गल्लीला माहीत होतं. एरवी तिने गवंड्याला तिथल्या तिथे उसवून ठेवला असता. आज गप्प बसली. कारण माणूस खोटं काय बोलला? घरामागच्या या रिकाम्या जागेत चुन्याच्या पांढऱ्या रेघांनी खोली आखायची त्याची ही चौथी खेप होती, आणि दर खेपेला खोली पहिल्या धुण्यात आटलेल्या सुती कापडासारखी आखडत चालली होती.

खोली तिच्या आईसाठी होती. आई भावाकडे राहायची, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांनी तर कधीच राजीनामा दिलेला. "बाल्कनीतून माणसांचे चेहरे कुठले दिसायला?" आई फोनवर म्हणायची. "आता मी लोकांना टकलांवरून ओळखते." टेलरताई हसायची आणि फोन ठेवला की मशीनच्या पायडलवर असा राग काढायची की दोरा तुटायचा. आईला जमिनीवर आणायचं, दाराबाहेर पाऊल टाकलं की माती लागेल अशा खोलीत. एवढंच तिला हवं होतं. आयुष्यात तिने दुसरं काही मागितलं असेल तर ते तिलाही आठवत नव्हतं.

नवऱ्याने कधी नाही म्हटलं नाही. तो नाही म्हणणाऱ्यांतला नव्हताच. कचेरीत त्याला 'बघूसाहेब' म्हणायचे, कारण काहीही विचारा, "बघू या" हेच उत्तर. घरी त्याची वाक्यं बिनबाह्यांच्या ब्लाउजसारखी यायची. बाह्या ती लावायची. तो "मला वाटतं की" म्हणून थांबला की पुढचं ती शिवून टाकायची, आणि तो "हां, तेच" म्हणून मोकळा. लग्न झाल्यापासून हे असंच. तिला त्यात प्रेमच वाटायचं, आणि प्रेम नव्हतंच असंही नाही.

पहिल्या नकाशात खोली चांगली ऐसपैस होती. पूर्वेला खिडकी, लागून बाथरूम, वॉकर आरामात जाईल असं रुंद दार. नकाशेवाल्याकडच्या आणि पालिकेतल्या खेपा नवराच घालायचा, कारण तिच्या हातात कायम कुणाच्या तरी लग्नाची शिलाई. एक दिवस तो परत आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "ते शेजारचे अण्णा... म्हणजे कुंपणाजवळ खोली येते तर त्यांची..."

"हरकत आहे?"

"हां, तेच. मग मागची भिंत जरा..."

"आत घ्यायची?"

"हां."

भिंत आत आली. पुढच्या खेपेला, "बाथरूम काही तिथे..." "बसत नाही?" "हां ना." बाथरूम गेलं. त्याच्या पुढच्या खेपेला खिडकी गेली आणि वर झरोका आला. दर वेळी जुना अर्ज मागे, नवा पुढे. दर वेळी टेलरताईचा पारा वर. नियम करणाऱ्यांच्या आया काय हवेत तरंगतात का, असं ती येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची, आणि तोंडात टाचण्या धरून विचारायची, त्यामुळे गिऱ्हाईक बिचारं मान हलवून मोकळं व्हायचं.

पण खरा राग अण्णांवर. इतक्या वर्षांचा शेजार, त्यांच्या बायकोच्या आजारपणात हिने डबे पोचवलेले, आणि एका भिंतीपायी हरकत? तिने कुंपणाशी उभं राहून त्यांना सगळ्या गल्लीदेखत सुनावलं होतं.

"अहो ताई, मी काही बोललेलोच नाही," अण्णा चष्मा पुसत म्हणाले होते.

"चोराच्या उलट्या बोंबा! वर न्यायची आहे का भिंत? न्या हो न्या, उशाला घ्या!"

त्यानंतर बोलणं बंद. त्यांची मांजर आली तरी ही हाकलायची.

आज पालिकेचे ओव्हरसियर जागा बघायला येणार होते. चौथा नकाशा त्यांनी जागेवर मोजून पास केला की काम सुरू. आणि म्हणूनच तिने काल भावाला सांगून टाकलं होतं, आईला घेऊन ये. जिथे राहायचं ती जागा तिलाही बघू दे की. नवऱ्याला सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो "बघू या" म्हणाला असता.

टॅक्सी आली. भाऊ आणि टॅक्सीवाला, दोघांनी प्लास्टिकच्या खुर्चीसकट आईला उचलून घराच्या बाजूने मागे आणलं. आई वरून सूचना देत होती. "अरे डावीकडे. तुझं डावं, माझं नव्हे! पाडलंत तर आधी त्या टॅक्सीवाल्याला विचारा लागलं का, परका माणूस आहे."

नवरा ओव्हरसियरसाठी चहाचा ट्रे घेऊन मागच्या दारात आला, आणि तिथेच थांबला.

"आई... म्हणजे आज कशा..."

तिने बाही लावली नाही. दोरी गुंडाळत होती.

खुर्ची रेघांच्या आत ठेवली. आईने चपला काढायला लावल्या आणि मातीवर पाय टेकवले. बोटं हलवून बघितली. क्षणभर तिचा चेहरा असा झाला की टेलरताईने उगाचच पदराने नाक पुसलं. मग भावाने घरातली खाट आणून रेघांच्या आत मांडली, शेजारी वॉकर उभा केला. वॉकर खाट आणि रेघ यांच्यामध्ये मावेना. तिरका केला, मावेना. खाट फिरवली, तर दाराची जागाच अडली. गवंड्याने दुसरीकडे बघून कान खाजवला.

आई मान फिरवून चारी रेघा बघत होती. "आणि कोंबड्या कुठे ठेवणार?" तिने विचारलं.

भाऊ हसला. टेलरताईलाही हसू फुटणार होतं, पण तिची नजर नवऱ्याकडे गेली आणि ते आतल्या आत विरलं. हा प्रश्न जुना होता. लग्न ठरवायला आलेली असताना आईने खुराडं बघावं तसं हे घर पुढून-मागून पाहून असंच विचारलं होतं, "आणि कोंबड्या कुठे ठेवल्यात यातल्या?" दोन्हीकडची माणसं खो खो हसली होती. सगळ्यांत मोठ्याने नवरदेव. आज तो हसत नव्हता.

तेवढ्यात ओव्हरसियर आले. घाम पुसला, टेप काढला, एक टोक गवंड्याकडे दिलं. मागच्या कुंपणापासून रेघेपर्यंत मोजलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा मोजलं.

"एवढी जागा कशाला सोडलीत?"

"कशाला म्हणजे?" ती उसळली. "तुम्हीच सोडायला लावलीत! आधी भिंत खाल्लीत, मग बाथरूम, मग खिडकी. आता काय, माझ्या आईने उभ्याने झोपायचं? तुमच्या साहेबांना म्हणावं या इथे, या खाटेवर आडवे व्हा आणि दाखवा कूस बदलून!"

"ताई, ताई, जरा दमानं. आम्ही काही खाल्लं नाही. पहिला नकाशा माझ्याच टेबलावर होता. नियमात बसत होता. बाथरूमसकट. सहीच व्हायची होती, तेवढ्यात तुमच्या मिस्टरांनी अर्ज मागे घेतला."

"ते हरकत आली म्हणून."

"हरकत? हरकत नव्हती. उलट शेजाऱ्यांचं ना-हरकतीचं पत्र जोडलेलं होतं."

टेलरताईने कुंपणाकडे पाहिलं. अण्णा झाडांना पाणी घालायचं सोंग करत उभे होते. पाइपातून पाण्याचा थेंब येत नव्हता.

"मी तुमच्या मिस्टरांच्याच हातात दिलं होतं," अण्णा हळूच म्हणाले. "सांगत होतो तुम्हाला. पण तुम्ही बोलू द्याल तर ना."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही आपल्याच हाताने. तिचे कान तापले. इतके दिवस ज्या रागावर ती मशीन चालवत आली होती, तो सगळा राग पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखा अंगणात उभा राहिला, आणि मग हळूहळू वळून योग्य दारी गेला.

"अहो," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. गल्लीने तो ऐकला असता तर घाबरली असती. "भिंत कुणी आत घेतली?"

"अगं, म्हणजे मला वाटलं की..."

तो थांबला. नेहमीच्या जागी, नेहमीसारखा, तिच्याकडे बघत.

तिच्या जिभेवर वाक्य तयार होतं. दहा तयार होती. 'की खोलीत ऊन फार येईल.' 'की पुढे खर्च वाढेल.' 'की आईंना लहानच खोली उबदार वाटेल.' कुठलंही एक शिवून दिलं असतं तर तो "हां, तेच" म्हणाला असता, ओव्हरसियरने सही केली असती, आणि आईने या पांढऱ्या चौकटीत झरोक्याकडे बघत उरलेले दिवस काढले असते. तिने दात आवळले. सवय अशी की गालाचे स्नायू दुखायला लागले.

"काय वाटलं?"

"ते... तू समजून घे ना."

"नाही. आज नाही घेणार. तुमचं वाक्य आहे, तुम्ही पुरं करा."

भाऊ काहीतरी बोलायला गेला. आईने त्याच्या मनगटावर हात ठेवला. ओव्हरसियरने टेपचं बटण दाबलं आणि तो सर्रकन आत गेला. गवंडी फक्कीची पाटी उगाच इकडून तिकडे सरकवत राहिला.

नवरा रेघेच्या बाहेर उभा होता. आत यायला नुसतं पाऊल टाकायचं होतं, पण भिंत खरीच असावी तसा तो अडला होता. त्याने ट्रे खाली जमिनीवर ठेवला. वर पाहिलं ते बायकोकडे नाही. खुर्चीत, मातीत पाय रोवून बसलेल्या सासूकडे.

"मला," तो म्हणाला, आणि या वेळी थांबला नाही, "तुम्ही या घरात नको आहात."