रोखठोक काकांची बाजू

आमचे हे रेडिओवर बोलतात. गाणी म्हणत नाहीत, बातम्या देत नाहीत. घरून फोन लावतात आणि बोलतात. आमच्या शहराच्या केंद्रावर सकाळी चर्चेचा कार्यक्रम असतो. रस्त्यातले खड्डे, पाण्याची वेळ, शाळांची फी, देशाची सीमा, सगळं एकाच तासात निकालात. तिथे ह्यांना 'रोखठोक काका' म्हणतात. घरात नळ गळायला लागला तर प्लंबरशी मात्र मीच भांडायचं.

नोकरी केली ती विजेच्या कंपनीत, तक्रार खिडकीवर. सगळी हयात लोकांचं ऐकून घेण्यात गेली. निवृत्त झाले आणि ऐकलेलं सगळं व्याजासकट परत करायला लागले. मला त्याचं काही वाटत नव्हतं. माणसाला कसला तरी नाद हवाच. कुणी पत्ते कुटतं, हे देशाचं परराष्ट्र धोरण ठरवतात.

त्या कार्यक्रमाची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. फोन लागला की आतली एक मुलगी आधी विचारते, "बाजूने की विरोधात?" तिच्याकडे दोन रांगा असतात. बाजूचा एक घेतला की पुढचा विरोधातला. सगळं कसं तोलूनमापून, कुणी नावं ठेवायला नकोत. ज्या रांगेत गर्दी, तिथली माणसं तासभर कानाला फोन लावून बसतात आणि कार्यक्रम संपतो. जी रांग मोकळी, तिथे लगेच नंबर लागतो. ह्यांनी ही मेख केव्हाच ओळखली होती. त्यामुळे विषय कुठलाही असो, आमचे हे मोकळ्या रांगेत. झाडं तोडायला सगळ्यांचा विरोध असेल तर ह्यांचा पाठिंबा. पुढच्या महिन्यात झाडं लावायला सगळ्यांचा पाठिंबा असेल तर ह्यांचा विरोध.

माझं म्हणाल तर दोन्ही मूत्रपिंडांनी राजीनामा दिलाय. एक दिवसाआड डायलिसिस, नगरपालिकेच्या दवाखान्यात. घरापासून हाकेच्या अंतरावर. मशीनवरून उठल्यावर पायात त्राण नसतं, तरी भिंत धरत धरत घरी पोचता येत असे. तो विभागच बंद करायचा घाट घातला होता. जागा कुठल्याशा कार्यालयाला हवी होती. आम्हाला पाठवणार शहराबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात, दोन बस बदलून. जाताना एक वेळ जमेल. पण येताना, अंगातलं सगळं रक्त एकदा बाहेर जाऊन परत आलेल्या बाईने बसच्या दांड्याला लोंबकळायचं, हे ज्याने ठरवलं त्याला एकदा आमच्या खुर्चीत बसवायला हवं होतं.

आणि एका सकाळी रेडिओवर हाच विषय होता, 'विभाग बंद करावा का?' आरोग्य खात्याचे मोठे साहेब स्वतः येणार, लोकांचं ऐकणार आणि त्याच आठवड्यात निर्णय देणार. चहा पितानाच ह्यांनी बेत सांगितला.

"सगळं शहर आज 'बंद करू नका' म्हणणार. त्या रांगेत माझा नंबर लागायचा नाही. मी 'बंद करा' म्हणून आत शिरतो. दोन वाक्यं तशी टाकतो आणि मग वळतो. म्हणतो, माझी बायको तिथेच जाते, आता सांगा साहेब, तिने कुठे जायचं? तोंडचं पाणी पळालं पाहिजे साहेबांच्या."

"सरळच बोला ना हो. लागेल तेव्हा लागेल नंबर."

"तुला त्यातलं कळत नाही."

"वळाल ना पण नक्की?"

"म्हणजे काय! माझ्या बायकोचा प्रश्न आहे."

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं हा माणूस साऱ्या जगासाठी बोलला, आज माझ्यासाठी बोलणार होता. मी केस नीट विंचरले, इस्त्रीची साडी नेसले आणि दवाखान्यात गेले.

तिथे खिडकीत सिस्टरांचा रेडिओ असायचा. माझ्या शेजारच्या खुर्चीवर शिंपीणकाकू, समोर गणिताचे मास्तर. सुया लावून घेता घेता मीच सगळ्यांना सांगितलं, "आज आमचे हे बोलणार आहेत, आपल्यासाठी." मास्तर म्हणाले, "वा वहिनी, म्हणजे आपला वकील तुमच्या घरातच!" सिस्टरांनी आवाज मोठा केला.

आधी एक बाई बोलल्या, विभाग चालू ठेवा म्हणून. बोलता बोलता रडल्या. मग निवेदक म्हणाला, "आणि आता दुसऱ्या बाजूने, आपले लाडके रोखठोक काका!"

"बंद करा," हे म्हणाले. "ताबडतोब बंद करा. मशीनं इनमीन चार, त्यातलं एक कायम आजारी. पेशंटपेक्षा त्या मशीनलाच डायलिसिसची गरज आहे."

निवेदक खो खो हसला. साहेबही हसले. शिंपीणकाकूंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "थांबा," मी म्हटलं, "पुढे येतंय."

"पंखा फिरतोय की नाही हे बघायला चष्मा लागतो. आणि मी ऐकीव बोलत नाही हं. माझी स्वतःची बायको तिथे जाते. आत्ता या क्षणी ती तिथेच आहे."

वळायची जागा हीच होती. 

"काय सांगता काका!" निवेदकाने मध्येच तोंड घातलं. "काकू तिथे उपचार घेताहेत आणि तरी तुम्ही म्हणता बंद करा? घरापेक्षा शहर मोठं मानणारा माणूस! श्रोतेहो, टाळ्या!" टाळ्यांची रेकॉर्ड वाजली.

साहेब म्हणाले, "काकांना माझा नमस्कार. पेशंटच्या घरचेच असं म्हणत असतील तर आम्ही आणखी काय बोलणार?"

दोघांनी मिळून ह्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. मग निवेदकाने विचारलं, "काका, आणखी काही सांगायचंय?"

विचारलं होतं त्याने. हे मी विसरणार नाही. पलीकडून ह्यांचा श्वास ऐकू आला. जन्मभर त्या श्वासाशेजारी झोपले आहे, त्यात काय चाललंय ते मला कळतं. हे शोधत होते, पण वाक्य नव्हे, धीर. तो सापडला नाही. मग घसा साफ करून हे म्हणाले, "नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. तिथे बायको-मुलं बघायची नसतात."

पुन्हा टाळ्या, आणि गादीची जाहिरात.

सिस्टरांनी रेडिओ बंद केला. मास्तरांनी पेपर तोंडासमोर धरला. शिंपीणकाकूंनी हळूच विचारलं, "तुमचं ठरलंच होतं का हो असं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून जावं तर हातात सुया, नळीतून रक्त फिरतंय. मशीन थांबेपर्यंत त्या सगळ्यांच्या समोर बसायचं होतं. आणि सांगणार तरी काय? ते वळणार होते हो, म्हणून? आपलेच दात, आपलेच ओठ.

घरी आले तर हे दारातच उभे.

"वेळच दिला नाही गं त्यांनी."

"दिला होता."

"अगं, ती जाहिरात..."

"'आणखी काही सांगायचंय का' म्हणून विचारलं त्याने. मी ऐकलं."

हे वाकून माझ्या चपला सरळ ठेवायला लागले. "एवढ्या टाळ्या झाल्यावर एकदम उलटं कसं बोलायचं? बरं दिसलं असतं का ते?" मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. थोड्या वेळाने दाराशी येऊन म्हणाले, "आवाज स्पष्ट येत होता ना पण?"

भांडायला ताकद लागते. ती मशीन घेऊन गेलं होतं.

विभाग बंद झाला. 'रुग्णांच्या कुटुंबीयांच्या भावना लक्षात घेऊन' असं साहेबांनी जाहीर केलं. शिंपीणकाकूंना दोन बस झेपेनात. त्या एक वार चुकवायला लागल्या, मग दोन, मग त्यांच्या खुर्चीवर दुसरीच कुणी दिसायला लागली. मी कुणाला काही विचारलं नाही. मला उत्तर नको होतं.

हे मात्र आता प्रत्येक वेळी सोबत येतात. पिशवी धरतात, पाण्याची बाटली धरतात. वाईट माणूस नाही हो. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

परवा परतताना बसला तुडुंब गर्दी. मी दांडा धरून उभी, डोळ्यांपुढे अंधारी. "नीट धर गं," हे म्हणाले, तर समोर बसलेल्या माणसाने चटकन वर बघितलं.

"तुम्ही रोखठोक काका ना? आवाजावरून ओळखलं!" आणि तो उठलाच. "बसा, बसा."

ह्यांनी मला बसवलं. "ही आमची मिसेस."

"म्हणजे त्याच काकू! काय बोलला होतात काका त्या दिवशी. काकू, बरं झालं ना मग, ते जुनं बंद झालं ते?"

हे माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर गयावया होती. माझ्या एका वाक्यात ह्यांचं सगळं नाव त्या बसमध्येच धुळीला मिळालं असतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण बोलून शिंपीणकाकू परत येणार होत्या का?

"ह्यांना विचारा," मी म्हटलं. "आमच्याकडे दुखतं मला, बोलतात हे."

"वा! काकूसुद्धा रोखठोक!" तो माणूस मोठ्याने हसला. आजूबाजूचे हसले. मग, जरासे चाचरत, हेही हसले. आणि सांगायला लागले. नवी मशीनं, थंडगार हवा, स्वच्छ चादरी. खोटं त्यात एकही नव्हतं. लोक माना वळवून ऐकत होते, आणि ह्यांचा आवाज हळूहळू रेडिओवर लागतो तसा लागत गेला.

आमचा स्टॉप आला. मला उठायला ह्यांचा हात लागतो, आणि तो हात हवेत होता, मुद्दा समजावून सांगत. आम्ही आतच, आणि बस सुटली.